मांडवातलं ऊन, मेपलची पानं आणि लाल शालू

अमेरिकेच्या ईशान्य भागात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मराठी लग्नांची गर्दी असते. पंचांगाप्रमाणे हा चातुर्मास. त्यामुळे मुहूर्त काढून घ्यावे लागतात, पण हवा सुखाची असते आणि कंट्री क्लबची, म्हणजे गोल्फचं मैदान असलेल्या क्लबची, हिरवळ अजून शाबूत असते. या लग्नांच्या छायाचित्रणाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, अशीच विचारणा आहे. आमच्या मते या ऋतूत त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. ऊन तिरपं असतं आणि भोवतालचा प्रत्येक रंग चेहऱ्यावर सांडतो. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मुलीचं लग्न ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, क्लबच्या मागच्या लॉनवर आहे. मुहूर्त सकाळी ११ वाजून १० मिनिटांचा. मांडवाला झेंडू रंगाचं कापड लावायचं ठरलं आहे. फोटोग्राफर म्हणतो, कापड बदला आणि मांडव फिरवा. एवढं आवश्यक आहे का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आवश्यक आहे. फोटोग्राफर बरोबर सांगतोय.

आधी उन्हाचं पाहू. न्यू जर्सी साधारण ४० अंश अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे भर मध्यान्हीचा सूर्यही ४५ अंशांच्या आसपासच राहतो, म्हणजे मुंबईत डिसेंबरअखेर असतो त्याहूनही खाली. शिवाय घड्याळ उन्हाळी वेळेवर असल्याने मध्यान्ह बाराला होत नाही, पावणेएकच्या सुमारास होते. सकाळी साडेनऊला सूर्य जेमतेम २५ अंशांवर असतो. नेहमीचा मांडव १२ फूट बाय १२ फूट आणि ९ ते १० फूट उंच. इतक्या खालचा सूर्य छताखालून थेट आत शिरतो आणि मांडव आरपार उजळतो. सव्वाअकराला तो आग्नेयेकडून येतो. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर मांडवाच्या कडेपासून सहा-सात फूट आतपर्यंत ऊन पोचतं. परिणामी वधूचा अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत, आणि वराच्या फेट्याची सावली नेमकी डोळ्यांवर. दोन्हींतला फरक तीन स्टॉपच्या पुढे गेला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) की नंतर संपादनात हा चेहरा नीट करणं अवघड जातं.

उपाय सोपा आहे आणि आगाऊ करायचा आहे. गुरुजींना विचारा की पूजेला यजमानांची तोंडं कोणत्या दिशेला असणार. बहुधा पूर्वेला असतात. ते ठरलं की मांडवाच्या आग्नेय आणि दक्षिण बाजूला वरपासून साडेपाच-सहा फुटांपर्यंत खाली येईल असा पातळ पांढरा पडदा सोडा. तो ऊन अडवत नाही, पसरवतो. पाहुण्यांच्या खुर्च्या त्या बाजूला मांडू नका, म्हणजे पडद्याची अडचण कोणाला होणार नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात, त्याच वेळी, लॉनवर कोणालातरी उभं करून फोनवर चार फोटो काढा. पडदा कुठे हवा ते लगेच कळेल.

आता कापडाचं. झेंडू रंगाचं कापड डोक्यावर असेल आणि त्यातून ऊन गाळून येत असेल, तर कपाळ, नाक आणि गालांचा वरचा भाग केशरी होतो. हनुवटीखाली मात्र हिरवळीचा हिरवट उजेड. एकाच चेहऱ्यावर दोन रंग असले की व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने साधलेला रंगाचा तोल) एकाला सुधारतो आणि दुसऱ्याला बिघडवतो. छत पांढरं किंवा मोतिया ठेवा. झेंडू खांबांना, तोरणाला, पाठीमागच्या पडद्याला लावा. तिथे तो हवाच आहे.

अंतरपाटाबद्दल थोडं अधिक, कारण इथे दुसरी संधी मिळत नाही. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर हवा. ऑटोवर असेल तर चौकटीतलं पांढरं वस्त्र पाहून कॅमेरा सगळं अंधारतो आणि पाट दूर होताच उलट उडी घेतो. नेमका तोच फोटो फसतो. शिवाय उन्हात धरलेला अंतरपाट दोन्ही चेहऱ्यांवर मऊ प्रकाश टाकत असतो. तो हटला की चेहरे थोडे गडद होतात. म्हणून चेहऱ्यांचं एक्स्पोजर पाट नसताना, आधी एखाद्या करवलीला तिथे उभं करून ठरवा. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं तर उडणाऱ्या अक्षतांचे दाणे सुटे दिसतात, १/२०० ला त्यांच्या रेघा होतात. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ४ पुरतं.

जागा कोणती? एक छायाचित्रकार अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे दोघांच्या बाजूला, गुरुजींच्या मागे गुडघ्यावर. दुसरा वधूच्या खांद्यामागून वराचा चेहरा घेणारा. पण तिथे मामा आणि करवल्या उभ्या असतात, म्हणून त्याला ७०-२०० मिमी लेन्स आणि उभं राहायला एक छोटी शिडी द्या. शेवटच्या मंगलाष्टकाआधी फोन घेऊन पाहुणे पुढे सरकतात. गुरुजींनी सुरुवातीलाच माइकवर सांगितलं की मांडवापुढची तीन फूट जागा मोकळी ठेवा, तर लोक ऐकतात. बिगरमराठी छायाचित्रकार असेल तर त्याला एकच खूण पाठ करून द्या : ‘तदेव लग्नं’ ऐकू आलं की बोट शटरवर. कानपिळीही सांगून ठेवा. दोन सेकंदांत उरकते आणि माहीत नसलेला माणूस तेव्हा हमखास लेन्स बदलत असतो.

प्रश्न : आम्ही खास पानांच्या रंगासाठी ही तारीख घेतली. फोटोत लाल-केशरी झाडं नक्की मिळतील ना? (एक वाचक, प्रिन्स्टन, न्यू जर्सी)

उत्तर : डोंगरभर लालेलाल अशी अपेक्षा ठेवू नका. व्हरमाँटमध्ये आणि न्यूयॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत रंगाचा भर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. मध्य न्यू जर्सीत तो ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत येतो. तुमच्या तारखेला बरीचशी झाडं हिरवी असतील. आधी रंग धरतात ते लाल मेपल, ब्लॅक गम, सुमॅकची झुडपं आणि झाडांवर चढलेली व्हर्जिनिया क्रीपर. ओक सगळ्यात शेवटी. दिवस लहान होतात तसं पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून तिथेच असलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र पानात त्याच काळात नव्याने तयार होतो. उघडं ऊन आणि थंड, पण न गोठणाऱ्या रात्री मिळाल्या तर तो अधिक खुलतो. ढगाळ, उबदार आठवडा गेला तर फिका राहतो.

एक झाड मात्र मिळतं, आणि एका झाडावर भागतं. आठ दिवस आधी क्लबभर चालून ते शोधा. त्याला फोटोत मोठं करायचं असेल तर लांब लेन्स वापरा. जोडपं झाडाच्या १५-२० मीटर पुढे, तुम्ही जोडप्यापासून १२-१५ मीटर दूर, लेन्स २०० मिमी, एफ २.८. पाठीमागची चौकट त्या एका झाडाने भरून जाईल आणि पलीकडची हिरवी रांग दिसणारही नाही.

आणि पानांकडे उन्हाच्या बाजूने पाहू नका. समोरून ऊन पडलेलं पान चकाकतं, त्याचा रंग पांढुरका होतो. तेच पान उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहा. प्रकाश पानातून आरपार येतो, शिरा दिसतात आणि केशरी रंग दिव्यासारखा पेटतो. म्हणून सूर्य जोडप्याच्या आणि झाडाच्या मागे घ्या. चेहरे अंधारतील, त्यांना पुढून पांढऱ्या रिफ्लेक्टरने किंवा सौम्य फ्लॅशने उजेड द्या. सोनेरी रिफ्लेक्टर या ऋतूत बॅगेतच राहू द्या. सगळं आधीच पिवळं असतं, त्यात चेहरे हळद लावल्यासारखे होतात.

लेन्सपुढे लावायच्या पोलरायझर फिल्टरबद्दलही काहींनी विचारलं आहे. तो पानांवरची चकाकी काढतो, आकाशावर सूर्याशी काटकोनात सर्वाधिक काम करतो आणि दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. नुसत्या निसर्गदृश्याला उत्तम. जोडप्याच्या फोटोला जपून, कारण तो त्वचेवरची आणि रेशमावरची झळाळीही पुसतो. रेशमाची झळाळी गेली तर पैठणी सुती दिसू लागते.

प्रश्न : लाल शालूचे फोटो नेहमी सपाट डागासारखे येतात, घड्या दिसतच नाहीत. पानं रंगीत केली की चेहरे पिवळे पडतात. चूक कुठे होते? (एक हौशी छायाचित्रकार, नेवार्क, डेलावेअर)

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत.

शालूची चूक फोटो काढतानाच होते. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, एकूण उजेड दाखवतो. डाळिंबी किंवा लाल रेशीम उन्हात असेल, तर एकूण उजेड ठीक दिसतो, पण लाल, हिरवा, निळा या तीन रंगांपैकी लाल भरून वाहिलेला असतो. एकदा तो भरला की घडीचा उंचवटा आणि खोलगा दोन्ही सारख्याच लाल आकड्यावर येतात. तोच तुमचा सपाट डाग. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली असेल तर एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉपने खाली आणा. फाइल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली) ठेवा, कॅमेऱ्यातली ‘व्हिव्हिड’सारखी भडक शैली बंद करून ‘न्यूट्रल’ ठेवा. पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम त्या शैलीवरूनच बनतो, म्हणून रॉ काढतानाही हे लागू आहे. कुंकवाच्या मळवटाला आणि राणी रंगाच्या काठांनाही हाच नियम.

जरीचा प्रश्न वेगळा. सरळ समोरून फ्लॅश मारला तर जर आरशासारखी उलटून चमकते आणि पदरावरचे मोर पांढऱ्या ठिपक्यांत हरवतात. प्रकाश ४५ अंशांच्या बाजूने, मोठ्या पृष्ठभागावरून आला पाहिजे : ६० ते ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड पसरवणारी कापडी पेटी), किंवा फुकटात हवं असेल तर सावलीतला व्हरांडा. पदर खांद्यावरून थोडा पसरवून धरायला सांगा. विणकराने महिनोन् महिने घातलेले असतात, ते काम दिसलं पाहिजे.

दुसरी चूक संपादनात होते. भारतीय त्वचेचा रंग केशरी पट्ट्यात येतो आणि मेपलचं पानही त्याच पट्ट्यात. तुम्ही पानांसाठी केशरीची तीव्रता वाढवता, ती चेहऱ्यांचीही वाढते. लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आता माणूस आणि पार्श्वभूमी वेगवेगळी निवडता येते. पार्श्वभूमी निवडा, तिथेच केशरी आणि लाल वाढवा, १० ते १५ च्या पुढे जाऊ नका. पानांची कडा केसांना लागते तिथे निवड चुकते, ती ब्रशने हाताने दुरुस्त करा. गजऱ्याभोवती हमखास चुकते.

याची मुळं मात्र उभं राहण्याच्या जागेत असतात. उन्हातल्या फेअरवेवर, म्हणजे गोल्फच्या त्या लांबलचक कापलेल्या हिरवळीवर, जोडप्याला उभं केलं तर हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली हिरवा उजेड चढतो. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यावर तो आजारपणासारखा दिसतो. कन्यादानाची पिवळी अष्टपुत्री अंगावर असेल तर त्यात पिवळ्याची भर. त्याऐवजी गोल्फच्या गाड्यांसाठी असलेल्या काँक्रीटच्या वाटेवर किंवा क्लबच्या दगडी अंगणात उभं करा. करडा दगड खालून स्वच्छ, रंग नसलेला प्रकाश देतो आणि हिरवळ मागे राहूनही फोटोत येते.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. चौकटभर पिवळी पानं असली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे. मग तो निळसर करतो, पानं मरतात आणि चेहरे राखी होतात. उन्हात ५३०० केल्विन, झाडाच्या सावलीत ६५०० ते ७०००, आणि प्रत्येक नव्या जागी राखाडी कार्डाचा एक फोटो.

एक आग्रहाची विनंती. तिथले बरेच प्रीसेट, म्हणजे संपादनाचे तयार साचे, गोऱ्या त्वचेवर बेतलेले असतात. ते हिरवा रंग मारतात आणि केशरी तपकिरीकडे ढकलतात. आपल्या चेहऱ्यांवर त्याने मातकट छटा येते. ती घालवायला चेहरे उजळत नेले जातात आणि नवरी स्वतःसारखी दिसत नाही. छायाचित्रकार ठरवतानाच त्याच्याकडून एखाद्या भारतीय लग्नाचा पूर्ण अल्बम मागा, निवडक वीस फोटो नकोत. त्यात आजीचा चेहरा आजीसारखा सावळा आणि सतेज दिसतोय का ते पाहा.

प्रश्न : कोणत्या रंगाच्या साडीला कोणती पार्श्वभूमी? (एक वाचक, बॉस्टन)

उत्तर : लाल शालू लाल मेपलपुढे हरवतो, त्याला पाइनच्या किंवा हिरवळीच्या गडद हिरव्यापुढे न्या. मोरपंखी, जांभळी, चिंतामणी या साड्यांना पिवळी-केशरी पानं फार शोभतात. अबोली आणि मोतिया रंगांना तळ्याचं पाणी किंवा क्लबची दगडी भिंत द्या. हिरवा चुडा कुठेही उठून दिसतो, फक्त हिरवळीवर हात खाली सोडू नका.

प्रश्न : क्लब म्हणतो लॉन तुमचं, पण कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, जाता येणार नाही. ते कसं जमवायचं? (एक वाचक, वेस्टचेस्टर, न्यूयॉर्क)

उत्तर : करारावर सही करण्याआधी जमवायचं. नंतर कोणी ऐकत नाही. शनिवारी सकाळी कोर्स सभासदांनी भरलेला असतो, दुपारी तीननंतर विरळ होतो. तुम्हाला हवी ती एक फेअरवे, संध्याकाळी ४० मिनिटं, क्लबचा माणूस गाडीसह सोबत, असं नेमकं लेखी मागा. ‘कोर्सवर फोटो’ असं मोघम मागितलं तर नकारच मिळतो. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या गालिच्यासारख्या गवतावर, कोणीही पाऊल ठेवायचं नाही. टाचांच्या खुणा तिथे बरेच दिवस राहतात आणि दंड तुमच्या बिलात येतो. खेळ चालू असेल तर चेंडूच्या दिशेकडे पाठ करून उभं राहू नका. चेंडू लागला तर डोकं फुटतं, इतकी साधी गोष्ट आहे.

बँक्वेट मॅनेजरला तीन गोष्टी विचारा. त्या तो आपणहून सांगत नाही.

पहिली : एरेशन कधी आहे? उन्हाळा संपताना कोर्सच्या गवताला यंत्राने हजारो भोकं पाडून वर वाळू टाकतात. गवताच्या मुळांना हवा मिळावी म्हणून हे लागतंच, पण पुढचे आठ-दहा दिवस हिरवळ देवी आल्यासारखी दिसते. नेमकं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात हे काम निघतं.

दुसरी : स्प्रिंकलर आपोआप कधी चालू होतात? वेळ लावलेली असते, लग्न आहे हे त्यांना कळत नाही. लॉनचा तो भाग दोन दिवस आधीपासून बंद ठेवायला सांगा, म्हणजे माती कोरडी राहते आणि खुर्च्या रुतत नाहीत.

तिसरी : सकाळी गवत कापण्याची यंत्रं आणि पानं उडवणारे ब्लोअर कधी थांबतात? मंगलाष्टकांच्या व्हिडिओत तोच आवाज येतो.

बहुतेक क्लब छायाचित्रकाराकडे दायित्व विम्याचं प्रमाणपत्र मागतात, साधारण १० लाख डॉलरचं. त्यावर क्लबचं नाव घालून घ्यायला दोन-चार दिवस लागतात. ड्रोनला क्लबची परवानगी वेगळी आणि पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) ‘पार्ट १०७’ परवाना लागतो.

गवतावर दव सकाळी साडेनऊ-दहापर्यंत असतं. तोपर्यंत नऊवारीचा घोळ लॉनवर नेऊ नका. रेशमावर पाण्याचे डाग बसतात आणि दिवसभर प्रत्येक फोटोत दिसतात. गौरीहार आणि तयारीचे फोटो आतच, मोठ्या खिडकीपाशी घ्या. खिडकी वधूच्या बाजूला हवी, पाठीमागे नको. नथीचा जवळून फोटो घेताना ८५ मिमी लेन्स एफ १.८ वर ठेवली तर दीड मीटरवरून साडेतीन सेंटिमीटरही खोली स्पष्ट मिळत नाही. नथीचे मोती धरले तर डोळे गेले, डोळे धरले तर नथ गेली. एफ ४ करा, दोन्ही येतात. मुंडावळ्या गालावरून मागे सारून एक आणि तशाच सोडून एक, असे दोन्ही फोटो घ्या. लोंबत्या मोत्यांच्या सावल्या गालावर पडतात, त्या मऊ प्रकाशात सुंदर दिसतात आणि कडक उन्हात ओरखड्यांसारख्या.

प्रश्न : आमचं लग्न गोरज मुहूर्तावर, लॉनवर आहे. होमही बाहेरच आहे. अंधार आणि धूर, दोन्ही कसं सांभाळायचं? (एक वाचक, हार्टफर्ड, कनेटिकट)

उत्तर : आधी वेळ पाहा. न्यूयॉर्कच्या आसपास २२ सप्टेंबरला सूर्यास्त ६ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास होतो आणि १० ऑक्टोबरला ६ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास. रोज दीड मिनिटाच्या वर मावळत आधी सरकते. हार्टफर्डला यात चार-पाच मिनिटं आणखी कमी करा. पत्रिका छापताना पाहिलेली मावळतीची वेळ तारीख पुढे गेल्यावर चालत नाही. शिवाय कोर्सभोवती २० मीटर उंच झाडांची रांग असते. सूर्य तिच्यामागे मावळतीच्या अर्धा-पाऊण तास आधीच जातो. जोडप्याचे सोनेरी उन्हातले फोटो ‘सूर्यास्तापूर्वी’ असं वेळापत्रकात लिहिलं तर हुकतील. सव्वापाच ते पावणेसहा असं लिहा.

मावळतीनंतर अर्ध्या तासात उघड्या आकाशाचा प्रकाश सहा-सात स्टॉपने उतरतो. मंगलाष्टकं दहा-पंधरा मिनिटं चालतात. म्हणजे पहिलं मंगलाष्टक आणि अंतरपाट दूर होणं, यांत दोन-तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. हा फरक हाताने सांभाळायचा आहे.

दोन सॉफ्टबॉक्स, ६० ते ९० सेंटिमीटरचे, मांडवाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांबाहेर, अडीच-तीन मीटर उंचीवर, ४५ अंशांनी आत वळवलेले. फ्लॅशवर पाव ते अर्धा नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, म्हणजे मांडवातल्या पिवळ्या दिव्यांशी तो जुळेल आणि मागचं आकाश निळंच राहील. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. सुरुवातीला शटर १/२००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, फ्लॅश १/१६ ताकदीवर. प्रकाश उतरेल तसं आधी शटर १/८० पर्यंत आणा. शटर मंद केल्याने फ्लॅशचा उजेड बदलत नाही, फक्त आकाश उजळतं. त्यानंतर आयएसओ वाढवा. पण आयएसओ एक स्टॉप वाढवला की फ्लॅशचा उजेडही एक स्टॉप वाढतो. म्हणून त्याच वेळी फ्लॅशची ताकद एक स्टॉप कमी करा. हे विसरलं की चेहरे पांढरे होतात, आणि घाईत हेच विसरतं. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. उघड्या कोर्सवर संध्याकाळी वारा असतो आणि सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो.

होमासाठी बहुतेक ठिकाणी स्थानिक फायर मार्शलची (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याची) परवानगी लागते. ती क्लबमार्फत महिनाभर आधी घ्या. धुराशी फ्लॅशचं वैर आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून धूरच उजळतो, फोटोवर दुधाचा थर येतो. तोच प्रकाश बाजूने किंवा मागून आला तर धुराच्या वेटोळ्या सोनेरी दिसतात आणि चेहरे स्वच्छ राहतात. म्हणून होमाच्या वेळी पुढचा एक फ्लॅश बंद करून मागच्या कोपऱ्यात न्या. वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसा. ऑटोफोकस धुरात भरकटतो, तेव्हा एकच बिंदू निवडून फेट्याच्या कडेवर किंवा मुंडावळीवर धरा. तूप सोडलं की ज्वाळा उंच उठते. तिच्यासाठी एक स्टॉप कमी एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो वेगळे घ्या. लाजाहोमात भावाच्या ओंजळीतून बहिणीच्या ओंजळीत पडणाऱ्या लाह्या जवळून घ्या, ३५ मिमीने, त्यांच्या हातांच्या पातळीवरून. सप्तपदीला तांदळाच्या सात राशींसमोर खाली बसून, प्रत्येक पावलाला एक पाऊल मागे सरकत.

प्रश्न : पुण्याहून चुलतबहिणीच्या लग्नाला जातोय, फोटो मीच काढणार. कॅमेऱ्यात काय बदलावं लागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिथे ६०. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीचे पट्टे टाळणारी सोय) ६० वर आणा. आपल्या सवयीचं १/५० आणि १/१०० शटर तिथल्या बॉलरूममध्ये आडवे पट्टे देतं. १/६० किंवा १/१२५ वापरा. व्हिडिओ २५ ऐवजी ३० फ्रेमवर. सायलेंट शटर बॉलरूममध्ये नकोच. डीजेच्या एलईडीखाली त्याने जांभळे-निळे पट्टे येतात आणि ते काढता येत नाहीत.

कॅमेऱ्याचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. भिंतीच्या विजेवर चालणारा मोठा स्टुडिओ फ्लॅश मात्र २२० चा असेल तर नेऊ नका, तिथे ११०-१२० आहे. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरच्या आतल्या चालतात, १०० ते १६० वॉट-अवरच्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं तिथल्या वेळेला लावा आणि एकाच फोनच्या घड्याळाचा दोन्हींवर एकेक फोटो काढून ठेवा. नंतर क्रम लावताना कामी येतो. पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. घरचं लग्न, घरची भेट, एवढंच ठेवा.

प्रश्न : नातेवाइकांच्या समूहफोटोंना दीड तास गेला आणि लोक कंटाळले. पुढच्या लग्नात कसं आवरावं? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : जास्तीत जास्त १५ गट, प्रत्येकी अडीच मिनिटं. यादी कागदावर आणि ती वाचून हाक मारायला एक आत्या किंवा मावशी, जिला दोन्ही घरं ओळखतात. छायाचित्रकाराने हाका मारायच्या नाहीत. आजी-आजोबा पहिल्या तीन गटांत, खुर्च्यांवर, मग ते मोकळे. जागा क्लबहाउसच्या उत्तरेच्या भिंतीपाशी निवडा. २३ सप्टेंबरनंतर त्या बाजूला दिवसभर ऊन येत नाही, त्यामुळे सकाळी ठरवलेलं एक्स्पोजर दुपारीही जवळपास चालतं आणि कोणाचे डोळे मिटत नाहीत. तीन रांगा असतील तर ५० मिमी लेन्स, एफ ८, पाच मीटर अंतर, फोकस पहिल्या रांगेवर. साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. एफ २.८ वर हीच खोली सव्वाचार ते सहा मीटर इतकीच उरते आणि तिसऱ्या रांगेतले मामा धूसर होतात.

प्रश्न : पाऊस आला तर? (एक वाचक, फिलाडेल्फिया)

उत्तर : सप्टेंबरअखेर अटलांटिकवरच्या वादळांचे उरलेले ढग येतात, तेव्हा हा विचार हवाच. तंबू लावणार असाल तर पांढराच. तो मोठ्या सॉफ्टबॉक्ससारखा काम करतो. एक बाजू उघडी ठेवा, नाहीतर चारी बाजूंनी सारखा उजेड येऊन चेहरे सपाट होतात. विधी बॉलरूममध्ये हलवायचा ठरला तर लाकडी भिंतींकडे फ्लॅश वळवू नका. त्यावरून उसळलेला प्रकाश तपकिरी येतो. पांढरं छत १२ फुटांच्या आत असेल तरच छताकडे वळवा. भिंतींवरचे रंगीत एलईडी विधी संपेपर्यंत बंद ठेवायला डीजेला आधी सांगून ठेवा. निळ्या उजेडात कुंकू काळं दिसतं.

छत्र्या आठ-दहा आणून ठेवा, पारदर्शक किंवा पांढऱ्या. क्लबच्या गोल्फ छत्र्या हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या असतात आणि तो रंग थेट चेहऱ्यावर उतरतो. पावसानंतरचा अर्धा तास सोडू नका. ओल्या काळ्या खोडांपुढे पानं सर्वात गडद दिसतात आणि अंगणातल्या दगडावर साडीचं प्रतिबिंब पडतं. आतल्या गरम दालनातला कॅमेरा थंड हवेत नेला तर काही होत नाही. उलट, बाहेरून आत आणला की लेन्सवर वाफ धरते. आत येण्याआधी तो बॅगेत बंद करा आणि १५-२० मिनिटांनी उघडा. तोवर दुसरा कॅमेरा आतच ठेवलेला असू द्या.